ओकलंडच्या धक्क्यावर अडकलेले दोघे

अल्बनी

ऑकलंडच्या विमानतळावर गणवेशातल्या एका बाईंनी माझ्या काखेतल्या फोल्डरकडे बोट दाखवून विचारलं, "यात काय आहे?"

"अमेरिका," मी म्हणालो.

गणवेशासमोर विनोद करू नये हे सत्तरीला टेकलो तरी मला उमगलेलं नाही. बाईंनी फोल्डर उघडायला लावला. आत जुनी चित्रांची पोस्टकार्डं होती. न्यूयॉर्कची खांबांवरून धावणारी आगगाडी, शिकागोचं स्टेशन, पिट्सबर्गच्या टेकडीवर तिरकी चढणारी डब्याएवढी गाडी, न्यू ऑर्लिन्सच्या ट्राम. बाईंनी एकेक कार्ड प्रेमाने पाहिलं, "लव्हली" म्हणाल्या आणि मग खऱ्या गुन्हेगाराकडे वळल्या. म्हणजे माझ्या बुटांकडे. या देशात परकी माती आणि परकं बियाणं यायला बंदी आहे, आणि माझ्या बुटांच्या तळांना सिंहगडाची माती होती. त्यांनी बूट आत नेले आणि धुऊन परत आणून दिले. नवा जावई होतो तेव्हा सासुरवाडीलाही माझे कोणी इतके लाड केले नव्हते.

आता हा अमेरिकेचा प्रकार सांगायला हवा. विन्या आणि मी, आम्ही दोघांनी उभं आयुष्य पुण्यात बसच्या वेळापत्रक विभागात काढलं. एक बस पोचते तेव्हा पुढची नुकतीच निघून गेलेली असते, अशी वेळापत्रकं आम्ही मुद्दाम बनवतो, असा प्रवाशांचा ठाम समज होता. निवृत्त झाल्यावर प्रायश्चित्त म्हणून म्हणा, आम्ही एक असा प्रवास आखायला घेतला ज्यात एकही गाडी चुकणार नाही. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को, सगळा जुन्या पोस्टकार्डांवरून. नियम कडक. प्रत्येक कार्डावर गाडी, ट्राम, स्टेशन किंवा धक्का हवा आणि एका कार्डावरून उतरलेल्या माणसाला दुसऱ्या कार्डावरची गाडी मिळायला हवी. मध्ये पायी चालायचं नाही. रविवारी चहा झाला की अल्बम उघडायचा. मी कार्ड वाचायचं, विन्या स्टीलच्या वाटीवर चमच्याने घंटा द्यायचा. दोनदा टिंग टिंग म्हणजे गाडी सुटली. एकदा टिंग म्हणजे पोचली. आम्ही दोघेही अमेरिकेला कधी गेलेलो नाही. जायची गरजच उरली नव्हती.

पण अल्बम एका जागी अडला होता. आमच्या काळातली, म्हणजे आमच्या कार्डांच्या काळातली, आगगाडी खाडीच्या अलीकडे ओकलंडला संपते. पलीकडे सॅन फ्रान्सिस्को समोर दिसतं. पलीकडचा मनोऱ्याचा धक्का आमच्याकडे आहे, धक्क्यापुढची ट्राम आहे, माणसांनी ढकलून फिरवायची ती केबल कारसुद्धा आहे. मधली फेरीबोट तेवढी नाही. मी एकदा शहाणपणा करून खाडीवरच्या पुलाचं कार्ड आणलं. विन्या बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही. "आपण पोचलो तेव्हा पूल झालेला नव्हता," एवढंच म्हणाला. थोडक्यात, आम्ही दोघे कित्येक वर्षं ओकलंडच्या धक्क्यावर बॅगा घेऊन उभे आहोत.

आणि आता घाई होती. गेल्या वर्षापासून विन्याच्या नजरेचा मधला भाग पुसट होत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. यावर विन्याने काय म्हणावं? "म्हणजे मला स्टॉप दिसणार, बस दिसणार नाही. आपल्या प्रवाशांचं आयुष्यभर तेच झालं की!"

मी लेकीकडे न्यूझीलंडला निघालो तेव्हा मात्र तो हसला नाही. "सद्या, आपण अडकलोय ओकलंडला आणि तू चाललायस ऑकलंडला. नुसत्या नावावर खूश होऊन परत येऊ नकोस. बोट घेऊन ये. मला दिसतंय तोवर."

घेऊन येणार, असं मी छातीवर हात ठेवून सांगितलं. तो हात छातीवरून काढायची सोय राहिली नाही.

माझी लेक प्रज्ञा अल्बनीला राहते. नवी घरं, मोठाले मॉल, आणि शहरात जायला बसचा असा स्वतंत्र रस्ता की पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नात मैत्रीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत देते. माझी कथा ऐकून म्हणाली, "आजोबा, यू केम ऑल धिस वे फॉर अ पिक्चर ऑफ अ बोट? वी हॅव रिअल बोट्स."

"बाबा, अमेरिकेची कार्डं इथे कशाला असतील?" प्रज्ञाने विचारलं.

"अगं, कार्ड विकत घेतात तिथे ते राहत नाही. पाठवतात तिथे राहतं."

हे तिला पटलं असावं. तिने फोनवर बोटं फिरवली आणि ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात जुन्या कार्डांचा बाजार भरणार असल्याचं शोधून काढलं.

हॉर्नबी

ख्राइस्टचर्चला प्रज्ञाचा कॉलेजमधला मित्र संदेश घ्यायला आला. "जयभीम काका! प्रवास ओके?" शिकायला आला होता, आता हॉर्नबीतल्या एका गोदामात सुपरवायझर आहे. बाजार दुसऱ्या दिवशी होता. म्हणून "काका, हीप्स वेळ आहे, भरपूर" म्हणत त्याने मला गावातल्या जुन्या ट्राममध्ये बसवून दिलं. पितळी कड्या, लाकडी बाकं, टोपीवाला चालक. मी तल्लीन झालो. बऱ्याच वेळाने एक पुतळा ओळखीचा वाटला. मग एक दुकान. मी चालकाला विचारलं, "ही शेवटच्या स्टॉपला कधी पोचते?" तो म्हणाला, "शेवटचा स्टॉप नाहीच. ही गोल फिरते." वेळापत्रकवाल्यासाठी नरक असेल तर तो हाच. सुंदर गाडी, वक्तशीर, आणि कुठेही जात नाही.

बाजार एका बुटक्या हॉलमध्ये होता. दाराशी आज्या घरचे स्कोन विकत होत्या. टेबलांवर बुटांच्या खोक्यांत उभी कार्डं, देशांप्रमाणे, विषयांप्रमाणे लावलेली. ग्रॅहम नावाच्या लाल गालांच्या माणसाच्या टेबलावर 'अमेरिका, वाहतूक' असं खोकं दिसलं. मी बोटं चालवू लागलो. स्टेशन, स्टेशन, ट्राम, बस... आणि ती आली.

पांढरी, दोन मजली फेरीबोट. काळा धूर. वरच्या डेकवर टोप्या घातलेली माणसं. मागे धक्क्याची लांब छपरी आणि खाली बारीक अक्षरांत ओकलंड. मागची बाजू कोरी. कोणीतरी हौसेने घेतलं होतं आणि पाठवायचं राहून गेलं होतं. माझ्या कानात वाटी वाजू लागली.

इथे कोणी शहाणा माणूस काय करील? "हे द्या" म्हणेल. मी पुणेकर. पुण्याच्या जुन्या बाजारात माझी अर्धी हयात गेलीय आणि तिथलं शास्त्र असं, की हवी ती वस्तू आधी उचलायचीच नाही. नको असलेली उचलायची, तिला नावं ठेवायची. मग जाता जाता हव्या त्या वस्तूकडे तुच्छतेने बघून "आणि हे काय, असंच पडलंय?" म्हणायचं. विकणारा काहीही म्हणो, "राहू दे" म्हणून पाठ फिरवायची. चार पावलांत मागून हाक येतेच. हाक आली की बाजार तुमचा.

मी रेल्वेच्या वाघिणीवर लादलेल्या अवाढव्य बटाट्याचं एक भयंकर कार्ड उचललं आणि बराच वेळ त्याला नावं ठेवली. ग्रॅहमने मन लावून ऐकलं. मग मी बोटीकडे मान झटकली. "हे जरा रटाळच आहे, नाही?"

ग्रॅहमने कार्ड हातात घेऊन खरोखर विचार केला. "या, ना," त्याने हो आणि नाही एका दमात म्हटलं. "फेरीबोटी सगळ्यांनाच आवडतात असं नाही."

"राहू दे. मला नकोच आहे ते," मी शेवटचा घाव घातला.

"स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, असं तो म्हणाला, कार्ड खोक्यात ठेवलं आणि थर्मासमधून चहा ओतू लागला.

मी पाठ फिरवली. चार पावलं टाकली. मागून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. आणखी चार टाकली. शेजारच्या टेबलावर उगाच एका मेंढीचं चित्र न्याहाळलं. हाक नाही. दारापर्यंत इतका हळू गेलो की एका आजींनी मला खुर्ची आणून दिली. शेवटी पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. तिथे कुठलेसे क्लबवाले पावाच्या एकाच स्लाइसमध्ये सॉसेज गुंडाळून विकत होते. ते खाल्लं. म्हटलं, आता त्याचा जीव टांगणीला लागला असेल.

परत गेलो तर खोक्यात बोट नव्हती.

"ते? विकलं की," ग्रॅहम आनंदाने म्हणाला. "एका बाईंनी घेतलं. फेरीबोटीच जमवतात त्या."

"पण मला तेच हवं होतं!"

त्याचा कप हवेतच राहिला. "मेट, तुम्ही तर नको म्हणालात."

"हो, पण..."

"मग नको का म्हणालात?"

या प्रश्नाचं उत्तर मला इंग्रजीत देता येईना. नंतर मराठीतही देऊन पाहिलं. जमलं नाही.

संदेश हसून हसून गाडीच्या बॉनेटवर वाकला. "काका, इथे नको म्हणजे नकोच! मी नवीन होतो ना, तेव्हा कोणी जेवायला विचारलं की आपल्या पद्धतीने आधी नको म्हणायचो. म्हटलं, आग्रह करतील. ते म्हणायचे 'ओके' आणि ताट उचलायचे. कितीतरी घरांतून उपाशी परत आलोय!"

मला हसू येईना. मी विन्याला काय सांगणार होतो? की बोट धक्क्याला लागली होती, मी तिला रटाळ म्हणालो आणि ती सुटली?

मी पुन्हा आत गेलो. या वेळी ग्रॅहमला सगळं सांगितलं. अल्बम, विन्या, डोळे. त्याने चहा बाजूला ठेवला. बाईंचा पत्ता तो देईना, ते योग्यच होतं. पण त्याने त्यांना फोन लावला, थोडं बोलला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "बघायला जरूर या. पण मी विकत नाही हं. पुकेकोहे. टपालाची पेटी बोटीच्या आकाराची आहे, तेच घर."

पुकेकोहे

पुकेकोहे निघालं ऑकलंडच्याच दक्षिणेला, म्हणून मी अल्बनीला परतलो. "मी गाडीने सोडते," प्रज्ञा म्हणाली.

"नाही. हे काम बस आणि आगगाडीनेच व्हायला पाहिजे."

"बाबा, हट्ट आहे हा."

"हट्टच आहे."

निघालो. बस आली आणि मी पुण्याच्या सवयीने धावत जाऊन मागच्या दाराला लोंबकळलो. आत दोनच प्रवासी होते. ड्रायव्हर आरशातून शांतपणे म्हणाला, "पुढचं दार, मेट. तुम्ही चढल्याशिवाय मी जात नाही." असलं वाक्य मी कुठल्याही वेळापत्रकात वाचलेलं नव्हतं. आणि उतरताना काय पाहावं? शाळेची पोरं, कामावर निघालेली माणसं, जो तो उतरताना मोठ्याने म्हणतो, "थँक्यू, ड्रायव्हर!" आमच्याकडे उतरताना प्रवासी ड्रायव्हरला जे म्हणत ते इथे छापता येणार नाही. मीही म्हणालो. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, म्हणून दोनदा म्हणालो.

पुढे आगगाडी. शहर मागे पडलं आणि खिडकीत हिरवी कुरणं आली, मग लाल माती आणि कांद्याचे वाफे. पुकेकोहेला उतरलो तर हवेत कांद्याचा वास. क्षणभर वाटलं, नारायणगावच्या पुढे कुठेतरी उतरलो.

या गावात फार जुने हिंदी लोक आहेत. भाजीच्या मळ्यांवर राबायला आलेल्यांच्या आता नातवंडांची नातवंडं झालीत. बाईंचं नाव हंसा, म्हणून मी गाडीत गुजराती घोकत आलो होतो. बोटीच्या आकाराची पेटी दिसली, दार उघडलं, पांढऱ्या केसांच्या, शॉर्ट्स आणि रबरी सपाता घातलेल्या बाई समोर. मी हात जोडून म्हणालो, "केम छो, हंसाबेन!"

"किया ओरा, लव्ह. नुसतं हंसा," इथल्या माओरी नमस्काराने सुरुवात करून त्या इंग्रजीत म्हणाल्या. "माझं गुजराती माझ्या आजीबरोबर गेलं. बूट तेवढे बाहेर काढा."

बूट काढले आणि उंबऱ्यातच बोलून टाकलं. आत गेलो असतो, चहा आला असता, तर माझ्यातला जुना बाजार पुन्हा जागा झाला असता. "मला ते कार्ड हवंय. फार हवंय. त्या दिवशी नको म्हणालो ते खोटं होतं."

हंसा मोठ्याने हसल्या. "ग्रॅहम म्हणाला होता, येईल तो माणूस जरा विचित्र असेल."

आत एक अख्खी भिंत फेरीबोटींनी भरलेली. त्यांचे यजमान हयातभर बंदरातल्या फेरीवर दोर फेकायचं आणि बांधायचं काम करत होते. चहाबरोबर बटाट्याची भजी आली, शेजारी टोमॅटो सॉस. मी सॉसबद्दल चकार शब्द काढला नाही. मला कार्ड हवं होतं.

ते टेबलावरच होतं. पण भिंतीवरच्या कार्डांत एक गोष्ट मला खटकत होती. प्रत्येकावर तिकीट होतं, शिक्का होता. शंभर वर्षांच्या कार्डावर आजचं तिकीट!

"कोरं कार्ड मी ठेवत नाही," हंसा म्हणाल्या. "बिचारं प्रवासाला निघालेलं असतं आणि कुणाच्या तरी खणात अडकतं. माझी बहीण हॉर्नबीला असते. मी तिला पाठवते, पुढचं ती मला पाठवते. हेही या आठवड्यात तिला जायचं होतं. पण बहीण थांबेल. तुमच्या मित्राचा पत्ता घाला. मी तिकीट लावते."

मी हातातलं भजं खाली ठेवलं. कोऱ्या पाठीवर शाई? वर शिक्का? समुद्रापलीकडे उघड्यावर टपालाने? "मी हाताने नेतो ना! जपून नेतो."

"मग प्रवास तुम्ही कराल. कार्ड नुसतं सामान."

"निदान पाकिटात?"

"पाकिटात बसून कोणी फेरीने जातं का?"

माझा एक पाय उठून जायला सरसावला होता, सवयीने. मी तो खुर्चीखाली दाबून धरला. इथे मागून हाक येत नाही हे मला आता ठाऊक होतं. त्याऐवजी विन्याला फोन लावला. पुण्यात सकाळ होती.

"मिळाली?" त्याने विचारलं.

"मिळाली. पण बाई म्हणतात टपालाने उघडीच पाठवायची. विन्या, हरवली तर?"

"दिसायला कशी आहे?"

"पांढरी. वर धूर. डेकवर माणसं. मागे छपरी."

तो म्हणाला, "गधड्या, आयुष्यभर आपण लाखो माणसांना गाडीत बसवलं. एकाला तरी वचन दिलं होतं का पोचशीलच म्हणून? टाक पेटीत."

"पण तुझे डोळे..."

"माझे डोळे मी सांभाळतो. तू टपाल सांभाळ. आणि काहीतरी लिही त्यावर, कोरं पाठवू नकोस."

मी पेन घेतलं. पत्ता नीट, ठसठशीत लिहिला. डावीकडच्या मोकळ्या जागेत काय लिहावं सुचेना. मग मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले. टिंग टिंग.

"म्हणजे काय?" हंसांनी विचारलं.

"बोट सुटली."

कोपऱ्यावर डेअरी, म्हणजे आपलं दूध-पावाचं दुकान, आणि त्याच्या दाराशी टपालाची पेटी. कार्ड फटीत अर्धं गेलं आणि माझी बोटं सुटेनात. हंसा शेजारी उभ्या होत्या. "लेट गो, लव्ह," त्या हळूच म्हणाल्या.

सोडलं. आत पडल्याचा आवाजही आला नाही, इतकं हलकं होतं ते.

पुणे

मी परत आलो, बोट आली नव्हती. विन्या पूर्वीपेक्षा मान जास्त तिरकी करून बघू लागला होता. माझ्याकडे बघायचं तर माझ्या कानाच्या मागे कुठेतरी बघायचा. मी रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागलो. पोस्टमन लांबूनच हात हलवून "नाही" म्हणायचा.

"येणार," विन्या म्हणायचा. "खाडी मोठी आहे."

"मी हाताने आणलं असतं तर..."

"तर तू विमानतळावर पुन्हा विनोद केला असतास आणि दोघेही अडकला असता."

एका सकाळी पोस्टमनने हात हलवला नाही. तो सरळ फाटकाशी आला. कार्डाचा एक कोपरा दुमडला होता आणि आपल्याकडचा शिक्का पत्त्यावर भलताच मोकळेपणाने बसला होता. मी ते विन्याच्या हातात दिलं. त्याने खिडकीजवळ नेलं, मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या.

"धूर आहे," तो म्हणाला. "कडेला छपरी आहे. मध्ये... मध्ये बोट आहे ना?"

"आहे."

"सांग."

मी सांगितलं. पांढरा रंग, दोन मजले, कठड्याला टेकून उभी माणसं, एका बाईने वाऱ्यात धरून ठेवलेली टोपी. तो ऐकत होता आणि मान इकडून तिकडे वळवत, मी सांगीन ते ते कडेला पकडत होता. टोपी त्याला सापडली. "हां, सापडली," म्हणून तो लहान पोरासारखा ओरडला. मग कार्ड उलटं करून माझे ते दोन ढब्बू शब्द नाकाशी धरून वाचले.

अल्बम उघडाच होता. त्याने बोटांनी चाचपत रिकामी खाच शोधली आणि बोट तिच्यात बसवली. दुमडलेला कोपरा थोडा अडला. त्याने दाबला. पुढच्या पानावर मनोऱ्याचा धक्का होता.

मग त्याने वाटी जवळ ओढली. चमचा उचलला. आणि इतकी वर्षं वाजायची राहिलेली ती एक घंटा दिली.

टिंग.

मी खुर्चीतून उठलो, बॅग उचलल्यासारखा हात केला आणि म्हणालो, "थँक्यू, ड्रायव्हर!"

"ड्रायव्हर नाही, कंडक्टर," विन्या म्हणाला. "आणि पुढच्या दाराने उतर."